पायाला कोण?

मित्रांनो, जिन्याखाली जिथे केरसुण्या आणि गळक्या बादल्या ठेवतात, तिथे भिंतीला पाठ लावून कुणीतरी उभं असतं. तुम्ही रोज त्याच्या डोक्यावरून धडधडत वर जाता, खाली येता, पण तुमचं लक्ष काही जात नाही. ती मी. मी एक जुनी लाकडी शिडी आहे, घडीची. तीन पाय सारखे आणि चौथा नखभर आखूड. माझी सगळी गोष्ट त्या नखभरातच आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

मला घडवलं एका सुतारानं. हाताचा चोख माणूस, पण त्याचं अंगण उताराचं होतं. पाणी तुंबू नये म्हणून त्यानंच ते तसं करून घेतलं होतं. त्याच अंगणात त्यानं माझे पाय मापले, कापले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि पायऱ्या खाचांत ठोकून बसवल्या. मग मला उभं करून तो स्वतः चढून बघणार होता. चढण्याआधी त्यानं बायकोला हाक मारली, "ये गं जरा, धर हिला."

ती ओले हात पुसत आली. नवरा एकदा छपरावरून पडला होता, ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. तिनं माझे दोन पाय असे काही आवळून धरले की मला वाटलं, आता मूळच फुटणार.

"हलतेय का?" त्यानं वरून विचारलं.

"छे, खांबासारखी उभी आहे," ती म्हणाली.

उभी असणारच. तिनं धरली होती ना. म्हणून माझी खोड कुणाच्या ध्यानात आली नाही. पुढे पुष्कळांनी त्या सुताराला नावं ठेवली, पण मला त्याचा राग कधी आला नाही. माझ्यातली चूक आळसानं राहिलेली नव्हती. एका बाईनं काळजीनं घट्ट धरलं म्हणून राहिलेली होती.

मला करून घेतलं होतं चष्मेवाल्या काकांनी. त्यांचं दुकान म्हणजे भिंतीतली एक फट. लांबीला चार माणसं उभी राहतील एवढं, आणि रुंदीला काका आणि गिऱ्हाईक यांच्यात एक टेबल. जागा नाही म्हटल्यावर माल वरच चढणार. छतापर्यंत खोकी रचलेली. आता गंमत अशी की काकांना उंचीची भयंकर भीती. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्यांना घाम फुटायचा. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून जन्मभर काचा घासणारा हा माणूस, पण उंचावरून खाली बघायचं म्हटलं की स्वतःचे डोळे गच्च मिटून घ्यायचा. त्यामुळे वर चढायच्या त्या काकू. काकू दुपारचा डबा घेऊन येत आणि सकाळपासून लागलेल्या सगळ्या फ्रेमा एकदमच काढून देत.

"दुकान माझं आहे," काका गिऱ्हाइकांना सांगत, "पण वरचा माल हिचा."

"आणि खालचा कुठे तुमचा आहे?" काकू वरून म्हणत.

पहिल्याच दिवशी काकू चढल्या आणि माझा आखूड पाय जमिनीवर आपटला. टक. त्यांनी अंग सावरलं, पुन्हा टक. काका लालबुंद झाले. सुताराला बोलावणं गेलं. तो बिचारा आला, वाकून बघितलं, आणि कानाची पाळी चोळत म्हणाला, "आमच्याकडे तर नीट उभी होती हो." मग त्यानं पिशवीतून करवत काढली. बाकीचे तीन पाय तो नखभर कापून देणार होता.

काकूंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, "राहू द्या. टकटक झाली म्हणजे यांना कळेल तरी की मी वर आहे. नाहीतर हे बसतील काचेत डोकं घालून, आणि मी पडले तरी विचारतील, चहा आणलास का?"

सुतार हसला. काका नाही हसले, पण त्या दिवसापासून टक झालं की हातातली काच खाली ठेवून ते उठायचे आणि माझे पाय धरून उभे राहायचे. काकू वर, काका खाली. मधे मी. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच समजली होती. शिडीकडे कुणी बघत नाही. चढणारा वर बघतो, कारण त्याला हवं ते वर असतं. धरणारा चढणाऱ्याकडे बघतो, कारण त्याचा जीव तिथे अडकलेला असतो. दोघांचे हातपाय माझ्यावर, आणि डोळे दुसरीकडेच. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. मग सवय झाली. वाईट वाटणं गेलं असं नाही, सवय झाली एवढंच.

काकांचे हात थरथरू लागले तसं दुकान आवरलं. चष्म्याचे बारीक स्क्रू चिमटीतून निसटायचे, आणि ते शोधायला चष्मा लावून जमिनीवर रांगावं लागायचं. एक दिवस काका म्हणाले, "पुरे आता." फळ्या गेल्या, टेबल गेलं, पाटीसुद्धा कुणीतरी नेली. मला मात्र काकूंनी सोडलं नाही. मी त्यांच्या इमारतीत आले, तळमजल्यावर त्यांच्या दाराला लागून जो जिना आहे, त्याच्याखाली.

तेव्हापासून मी एकट्या त्यांची राहिले नाही, सगळ्या इमारतीची झाले. कुणाचा बल्ब बदलायचा, कुणाच्या पडद्याची दांडी निघालेली, कुणाला माळ्यावरची पेटी हवी. सगळे यायचे आणि मला खांद्यावर टाकून न्यायचे. पण काकूंनी एक रीत घालून दिली होती. मला कुणी उचललं की त्या दारातूनच विचारायच्या, "पायाला कोण?"

म्हणजे शिडीच्या पायाशी कोण उभं राहणार. उत्तर आल्याशिवाय मला जिन्याची पहिली पायरीही चढू देत नसत. घरात कुणी नसेल तर, "थांबा, यांना पाठवते." की काका निघाले. इतकं अंगवळणी पडलं की लोक शिडी मागायला येताना "शिडी द्या" म्हणायचे नाहीत. "काका, पायाला येता का?" असंच म्हणायचे.

आणि काका यायचे. माझ्या पायाशी उभे राहून एकच विनोद करायचे, "पडायचं असेल तर आधी सांगा, मी चष्मा काढून ठेवतो."

वरच्या मजल्यावरच्या नर्सताई तर पंखा पुसायला चढायच्या आणि उतरायचं नावच घ्यायच्या नाहीत. दवाखान्यातलं बोलायच्या, सासूचं बोलायच्या, बहिणीशी बोलणं तुटलं त्याचं बोलायच्या. पंख्याचं एकेक पातं पुसता पुसता एकेक दुःख निघायचं. काका खालून "हं, हं" करायचे. मला वाटतं, वर चढल्यावर समोर कुणाचा चेहरा नसतो आणि हात कामात असतात, म्हणून माणसाला बोलता येतं. खाली कुणीतरी धरून उभं आहे एवढं ठाऊक असलं की झालं. पुढे त्या बहिणीशी बोलू लागल्या म्हणे. पंखा मात्र नंतरही दर पंधरवड्याला पुसायच्या.

एका थंडीत काकू आजारी पडल्या, आणि त्या काही उठल्या नाहीत.

त्यांच्या जाण्याबद्दल मी फारसं सांगू शकत नाही. मी जिन्याखाली होते. खूप चपला आल्या, खूप चपला गेल्या. मग एक दिवस दारापुढे काकांच्या तेवढ्या राहिल्या. भिंतीपलीकडून आधी दोन कपबशांचा आवाज यायचा, तो आता एकीचा यायचा. संध्याकाळी त्यांच्या दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी माझ्या पायापर्यंत यायची. ती आली की मला कळायचं, काका आहेत.

तरी लोक पायाला बोलवायचे म्हणून बरं होतं. त्यातूनही कुणी घाईत एकटंच चढलंच, तर माझा पाय होताच. टकटक झाली की छतातून ती खाली ऐकू जायची, आणि काका चप्पल ओढत जिना चढू लागायचे. "कोण चढलंय रे एकटं?" त्यांच्या आवाजात राग असायचा, पण पाय भराभर टाकत. काकू गेल्यावर त्यांना घाईनं कुठे जावं लागेल असं ते एकच काम उरलं होतं.

मग त्यांचा लेक आला.

लेक चांगला होता, हे मी मुद्दाम सांगते. दूर राहायचा, जमेल तेव्हा यायचा, वडिलांसाठी जीव टाकायचा. त्यानं एकदा बघितलं की नर्सताई वर चढल्या आहेत आणि म्हातारे वडील खाली हातांनी शिडी तोलून धरताहेत. त्याचा चेहराच उतरला.

"बाबा, ह्या वयात? त्या पडल्या तर तुमच्यावर पडतील."

"मी चष्मा काढून ठेवतो," काका म्हणाले.

लेकाला विनोद समजला नाही, किंवा समजूनही हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून रबराची एक जाड चकती आणली. माझा आखूड पाय घासून स्वच्छ केला आणि तिथे ती चकती चिकटवली. मला उभं केलं, हलवलं. मी हलले नाही. चढून बघितलं. आवाज नाही. मग तो घरोघर जाऊन सांगून आला, "आता शिडी हलत नाही. बाबांना त्रास द्यायची गरज नाही."

"बघा बाबा," तो परत येऊन म्हणाला, "एवढ्याशा चकतीचं काम होतं. इतकी वर्षं उगाच."

काकांनी मला एकदा हलवून बघितलं. "छान केलंस," ते म्हणाले.

मित्रांनो, त्यानंतर जे झालं त्याला मी कुणाला दोष देऊ? सगळेच चांगले वागले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला उठवायचं. मला न्यायला आले की ते दबकत यायचे, कडी वाजू देत नसत, मला उचलून पाय न वाजवता जात आणि तसंच आणून ठेवत. काकांची झोपमोड होऊ नये म्हणून. "पायाला कोण?" हे विचारायला कुणी उरलं नाही, आणि विचारायची गरजही राहिली नाही. नर्सताई पंखा पुसायच्या तो आता मुकाट्यानं. लवकर होऊ लागलं त्यांचं काम.

मला पहिल्यांदाच सगळे चांगली शिडी म्हणू लागले होते, आणि मला कधी नव्हे इतकं एकटं वाटत होतं. भिंतीपलीकडे कप एकदा वाजायचा, मग बराच वेळ काही नाही.

मग एका संध्याकाळी दाराखालची उजेडाची पट्टी आलीच नाही.

मला वाटलं, काका लेकाकडे गेले असतील. पण आत खुर्ची सरकली. दुसऱ्या दिवशीही तसंच. काका होते, उजेड नव्हता. खोलीतला बल्ब गेला होता. छत उंच, आणि काका कधीच न चढणारे. मला वाटायचं, आता दार उघडेल, आता कुणाला तरी हाक मारतील. ज्या माणसानं सगळ्या इमारतीचे बल्ब खाली उभं राहून लावून घेतले, त्यानं आपल्यासाठी एक हाक मारायला काय हरकत होती? पण जो नेहमी खाली उभा राहिला, त्याला दुसऱ्याला वर चढ म्हणून सांगणं जमत नसावं. खुर्ची खिडकीकडे सरकत गेली. दिवस मावळला की आतला रेडिओ बंद व्हायचा आणि पलंग वाजायचा. एवढ्या लवकर झोप थोडीच येते. मी भिंतीच्या अलीकडे आणि ते पलीकडे, आम्ही दोघंही काळोखात जागे असायचो.

याच सुमाराला काकांच्या बरोबर वरच्या घरात एक नवं बिऱ्हाड आलं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, गेला की आठवडा आठवडा घरी नाही. घरात बायको आणि त्यांची रांगती मुलगी. आई मुलीला गुंडी म्हणायची. आईचं नाव काय होतं ते मला माहीत नाही, कारण इमारतीत ते कुणी विचारलंच नव्हतं. सगळे तिला बाळाची आई म्हणायचे. दिवसभर ती गुंडीशीच बोलत असे. जिना उतरताना, चढताना, कपडे वाळत घालताना. "आता आपण खाली जाऊ या हं. आता आपण भाजी आणू या हं." दोन माणसांचं बोलणं ती एकटीच बोलायची.

हवा गार पडू लागली तशी एका दुपारी ती मला न्यायला आली. गुंडी कडेवर, तिला एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं मला उचललं. जिन्यात मी दोनदा भिंतीला घासले. काकांच्या दारापुढे ती थबकली, असं मला वाटलं. पण तिलाही कुणीतरी सांगितलेलंच असणार, शिडी हलत नाही, काकांना त्रास देऊ नका. ती वर गेली.

गुंडीचे लोकरीचे कपडे माळ्यावरच्या पिशवीत होते. तिनं पलंगाजवळच्या कोपऱ्यात जमिनीवर उशांचं कुंपण केलं, गुंडीला आत बसवलं, पुढ्यात एक चमचा आणि वाटी दिली. "आई इथेच आहे हं. आई नुसती वर जाऊन येते." मला माळ्याखाली उभं केलं आणि ती चढली. भराभर चढली. एकटीनं सगळं करणाऱ्या माणसाला हळू काही करताच येत नाही.

पिशवी कशाखाली तरी दबली होती. तिनं वरच्या पायरीवर उभं राहून दोन्ही हातांनी ओढली. ती सुटली तेव्हा एकदम अंगावर आली, आणि वरची एक पत्र्याची पेटी माळ्याच्या कडेपर्यंत घसरत आली. एका हातानं पेटी थोपवून धरलेली, दुसऱ्या हातात पिशवी. आणि तेवढ्यात खालून माझ्या सगळ्यात खालच्या पायरीला दोन ओले, चिकट हात लागले.

उशांचं कुंपण ते कितीसं. गुंडी ते ओलांडून आली होती. तिनं माझी पायरी धरली, ढुंगण वर उचललं, गुडघे ताणले, आणि ती उभी राहिली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा. एरवी मी सगळ्यांना वर जायला लागते, पण माझ्या आधारानं कुणी जमिनीवर उभं राहिल्याचं मला आठवत नव्हतं.

"गुंडी," आई वरून म्हणाली. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. "उभी राहिलीस? अगं... आता बस. बस हं खाली."

तिला खाली येता येईना. पाय खाली टाकायचा तर गुंडीचं डोकं नेमकं माझ्या पायऱ्यांपाशी. पेटी सोडायची तर ती सरळ तिच्यावर येणार. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. आणि तशीच राहिली. हाक मारायची म्हणजे कुणाला? या इमारतीत तिला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं, कुणाला तिचं नव्हतं. "अहो..." ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "अहो, कुणी आहे का?" दुपारची वेळ. नर्सताई कामावर. बंद खिडक्या. हाक त्या खोलीतच फिरून परत आली.

तिचे पाय थरथरू लागले होते. ते मला कळत होतं. मी वाजायला हवं होतं, त्या थरथरीनं एरवी मी केव्हाच वाजले असते. पण माझ्या पायाखाली ती चकती होती. मी घट्ट उभी होते आणि गप्प होते. इतकं चांगलं उभं राहून इतकं निरुपयोगी मी कधीच झाले नव्हते.

गुंडी खाली बसली. तिला दात येत होते, आणि त्या वयात जे दिसेल ते चावायचं असतं. तिला माझ्या आखूड पायाखालून डोकावणारी ती काळी चकती दिसली. रोज सकाळी जिना धुतला जायचा, ते पाणी माझ्या पायाशी साचायचं, त्यानं चिकटवलेलं केव्हाच सुटत आलं होतं. गुंडीनं कडेला बोटं घातली. ओढलं. सोडलं. दोन्ही हातांनी ओढलं. वर आईनं तोल सांभाळायला अंग जरासं पलीकडे टाकलं, तेवढ्यात माझा तो पाय उचलला गेला आणि चकती गुंडीच्या हातात आली.

टक.

आई जागच्या जागी गोठली. मी पुन्हा वाजले, टक. तिच्या पायांचं सगळं थरथरणं आता माझ्या पायातून जमिनीत जाऊ लागलं. टकटक, टकटक. गुंडी चकती चावत माझ्याकडे बघत बसली होती. माझ्याकडेच. मला इतकं लक्ष देऊन कुणी कधी पाहिलं नव्हतं.

खाली खुर्ची सरकली. दार उघडलं. मग जिन्यात चप्पल वाजू लागली, एकाच पायाची. दुसरी घालायला ते थांबलेच नव्हते.

दार मला आत आणताना नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं, आणि धापा टाकत काकांनी विचारलं, "पायाला कोण?"

"कुणी नाही," वरून उत्तर आलं. आणि ती रडायला लागली.

काका पुढे आले आणि त्यांनी माझे पाय धरले. कितीतरी दिवसांनी. पकड तीच होती. "धरलंय," ते म्हणाले. "आता पेटी मागे ढकला. सावकाश. घाई काय आहे, मी कुठे जातोय?"

"गुंडी खाली आहे हो."

"गुंडी माझ्या पायजम्याला लोंबकळलीय. माझा पायजमा सुटला तरी मी शिडी सोडायचो नाही, तुम्ही उतरा."

ती रडता रडता हसली. पेटी मागे गेली. पिशवी बाजूला पडली. ती एकेक पायरी उतरून आली आणि जमिनीवर बसून तिनं गुंडीला पोटाशी धरलं. काका अजून माझे पाय धरूनच उभे होते. वर कुणी नव्हतं, तरी.

"एकटीनं चढायचं असतं का?" ते म्हणाले.

"शिडी हलत नाही म्हणाले सगळे."

"त्यांचं काय ऐकता. खाली दार माझं आहे, ते वाजवायचं."

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

 गुंडीच्या हातातली चकती बघून काकांनी ती मागितली, पण गुंडी काही देईना.

मला परत खाली आणायला ती त्यांच्याबरोबर आली. दिवस कलला होता. काकांचं दार उघडंच राहिलं होतं आणि आत अंधार होता.

"लाईट गेलीय का?" तिनं विचारलं.

"लाईट आहे. बल्ब गेलाय."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"मग सांगायचं नाही का कुणाला?"

"तुम्ही सांगितलंत?" काका म्हणाले.

 मग तिनं गुंडीला काकांच्या खुर्चीत बसवलं, मला आत नेलं आणि मधोमध उभं केलं. नवा बल्ब खोक्यासकट टेबलावरच होता, वर धूळ बसलेला. ती चढली. टक. काकांनी माझे पाय धरले, मान वर केली, आणि नेहमीसारखं म्हणायला गेले, "पडायचं असेल तर..." पण पुढचं काही त्यांना बोलता आलं नाही. त्या खोलीत मी शेवटची वाजले होते ती काकूंच्या पायाखाली.

"काय म्हणालात?" तिनं वरून विचारलं.

"काही नाही. चष्मा काढून ठेवतो म्हटलं."

उजेड झाला. गुंडीनं डोळे मिचकावले.

तिचं नाव त्यांनी त्याच संध्याकाळी विचारलं. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी तोवर जिन्याखाली परत आले होते. पण दाराखालून पट्टी आली होती, आणि भिंतीपलीकडे दोन कप वाजले. चकती काही पुन्हा लावली गेली नाही. ती गुंडीनं दात येईपर्यंत चावली. लेकाचा फोन आला की काका सांगायचे, "हो, शिडी उत्तम आहे," आणि समोर बाळाची आई तोंडावर हात ठेवून हसायची.

गोष्ट इथे संपली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि मलाही. पण आयुष्य तिथे थांबत नाही. गुंडी धावू लागली, मग तिच्या बाबांना दुसऱ्या गावी काम मिळालं आणि ते बिऱ्हाड गेलं. जायच्या दिवशी पडद्यांच्या दांड्या काढायला ती शेवटची चढली, काका पायाला होते. उतरल्यावर ती म्हणाली, "काका, आता तुमच्या पायाला कोण?" काकांनी मला थोपटलं. "ही आहे की," म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. तरी मी ते जपून ठेवलंय.

पुढे काका लेकाकडे राहायला गेले. मला न्यायचं त्यांच्या मनात होतं, पण तिथली छतं बुटकी, आणि मी लिफ्टमधे मावणार नव्हते. निघताना त्यांनी एकदा माझे पाय धरले, जसे वर कुणी असावं. मग गाडीचं दार लागलं.

आता इमारतीनं ॲल्युमिनियमची शिडी आणली आहे. हलकी आहे, चारही पाय सारखे आहेत, ती कधीच वाजत नाही. लोक एकेकटे चढतात आणि एकेकटे उतरतात. माझी एक पायरी चिरली आहे. काकांच्या दाराला कुलूप आहे आणि संध्याकाळी मी अजून माझ्या पायाशी बघते, सवयीनं.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, उन्हापावसात टाकू नका, हे मी सांगणार नाही असं नाही. लाकडाला ते लागतंच, आणि म्हाताऱ्या वस्तूला कुणाचा तरी हात लागला की बरं वाटतं. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घराच्या वर, खाली किंवा शेजारी कुणीतरी एकटं राहत असेल. त्यांचा काहीतरी आवाज तुमच्या ओळखीचा असेल. काठीचा, नळाचा, रेडिओचा, नुसत्या खोकल्याचा. तो आवाज मोठा झाला तर जा. पण तो यायचाच थांबला, तर आणखी लवकर जा. त्रास होईल म्हणून दारातून मागे फिरू नका. कडी वाजवा. नाव विचारा. फार काही करता आलं नाही तरी खाली उभं राहून धरता येतं.

आणि जिन्याखालून जाताना कधी वाटलं, तर मला जरा हलवून बघा. मी अजून वाजते.